शाळेच्या आरोग्याची रोजकीर्द

पेढी लहान असो वा मोठी, तिचा कारभार रोजकीर्दीवर चालतो. आलेला माल, गेलेला माल, मिळालेली रक्कम आणि येणे असलेली रक्कम यांची नोंद ज्या घरात दररोज होते, त्या घराला तूट वेळेत दिसते. नोंद नसली तरी तूट असतेच. मात्र ती कोणाच्या ध्यानी येत नाही. व्यापारी कुटुंबांत हे शहाणपण मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. सुटीच्या दिवशी दुकानात बसता बसता ते अंगवळणी पडते. हेच शहाणपण शाळेतील आरोग्यसेवेला लावले तर काय घडेल, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही.

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरी हे गाव या प्रश्नाचा विचार करण्यास योग्य आहे. धानाची शेती, तळी आणि बोड्या, चुलबंद व वैनगंगेचे खोरे असा हा प्रदेश. येथे दुकानदाराचा मुलगा, शेतकऱ्याची मुलगी आणि मजुराचे मूल एकाच वर्गात शेजारी बसू शकतात. तज्ज्ञ डॉक्टर हवा असेल तर भंडारा किंवा नागपूर गाठावे लागते. अशा गावातील बहुसंख्य मुलांच्या दृष्टीने आरोग्यसेवेचा पहिला उंबरठा रुग्णालयाचा नसून शाळेचा असतो.

त्या उंबरठ्यावर शासनाने बरेच काही ठेवले आहे. आठवड्यातून एकदा, बहुधा सोमवारी, सहावी ते बारावीच्या मुलामुलींना लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी द्यावी, अशी योजना देशभर लागू आहे. या गोळीत आज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. सोबत वर्षातून दोनदा जंतनाशक अल्बेंडाझोलची गोळी देण्यात येते. आता एक साधा प्रश्न : एखाद्या सोमवारी गोळी आलीच नाही, किंवा सलग चार सोमवार आली नाही, तर ते कोणाच्या लक्षात येईल? शिक्षकांच्या माथ्यावर पोषण आहारापासून निवडणुकीपर्यंतची कामे असतात. पालकांना योजनेची माहिती नसते. गोळी ज्याला मिळायची होती, तो विद्यार्थीच या व्यवहारातील खरा धनको आहे. आणि आपले येणे किती, हे त्यालाच कोणी सांगितलेले नसते.

येणे काय, हे आधी कळावे

किशोरवयीन मुलांना आरोग्यसेवेची मागणी करण्यास शिकवणे म्हणजे त्यांना घोषणा देण्यास शिकवणे नव्हे. प्रशिक्षणाचा पहिला धडा, आपल्याला नियमाने काय मिळावयास हवे, हे जाणून घेण्याचा आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हा त्याचा गाभा. जन्मजात व्यंग, पोषणातील कमतरता, आजार आणि विकासातील विलंब असे चार गट त्यात आहेत. दोन वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता व एक परिचारिका असे फिरते पथक शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून किमान एकदा येऊन प्रत्येक मुलाची तपासणी करते. दोष आढळल्यास पुढील उपचार, अगदी हृदयाच्या शस्त्रक्रियेपर्यंत, विनामूल्य मिळण्याची तरतूद आहे.

७ जानेवारी २०१४ रोजी दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. पोषण, मानसिक आरोग्य, व्यसनमुक्ती, हिंसा व अपघात, प्रजनन आरोग्य आणि मधुमेहासारखे असंसर्गजन्य आजार हे त्याचे सहा विषय आहेत. गावातील दोन मुले व दोन मुली यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी समवयस्कांशी बोलावे, अशी त्याची रचना. पुढे १२ फेब्रुवारी २०२० रोजी शालेय आरोग्य व स्वास्थ्य कार्यक्रम आला. प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत नेमावे आणि त्यांनी आठवड्याला एक तास आरोग्यविषयक वर्ग घ्यावा, असे त्यात सांगितले आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळेत सुरक्षित पिण्याचे पाणी आणि मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असणे बंधनकारक आहे, ते निराळेच.

म्हणजे कागदावर येणे भरपूर आहे. वसुलीची व्यवस्था मात्र प्रत्येक ठिकाणी सारखी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयग्रस्त आढळले. निळी गोळी सुरू होऊन त्या वेळी बरीच वर्षे लोटली होती. गोळी कारखान्यातून निघणे आणि ती मुलाच्या पोटात जाणे यांमधील अंतर किती मोठे आहे, हे या आकड्यांवरून दिसते.

शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास

शाळेने मुलांच्या प्रकृतीची काळजी घ्यावी, हा विचार नवा नाही. इंग्लंडमध्ये १९०७ च्या कायद्याने शालेय वैद्यकीय तपासणी सुरू झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, बडोदे शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ तोच मानला जातो. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात जन्मलेले महाराज सयाजीराव गायकवाड तेव्हा बडोद्याच्या गादीवर होते. त्यांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. या दोन वर्षांचा क्रम विचार करण्याजोगा आहे. राज्य मुलाला शाळेत येण्याची सक्ती करीत असेल, तर त्या मुलाच्या प्रकृतीची जबाबदारीही राज्यावर येते, हे त्या क्रमातून उघड होते. स्वातंत्र्यानंतर १९६० मध्ये श्रीमती रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमण्यात आली आणि तिने पुढील वर्षी अहवाल दिला.

या साऱ्या काळात मूल हे सेवा घेणारे होते, बोलणारे नव्हते. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षानिमित्त लंडनमध्ये डेव्हिड मोर्ले व ह्यू हॉज यांच्या पुढाकाराने ‘मुलाकडून मुलाकडे’ या कल्पनेची चळवळ सुरू झाली. मोठी भावंडे लहानांना सांभाळतातच. मग आरोग्याचे ज्ञान त्यांच्याच हाती का देऊ नये, असा तिचा साधा विचार होता. मुंबईच्या मालवणी वसाहतीत त्याच सुमारास शाळकरी मुलांना काही कुटुंबांच्या आरोग्याची जबाबदारी देण्याचा प्रयोग झाला. त्याविषयी डॉ. व्ही. आर. भालेराव यांचा लेख १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मान्य केला. स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि ते मत विचारात घेतले जाण्याचा मुलांचा अधिकार त्या करारात आहे.

महाराष्ट्रातील आणखी दोन कामे येथे मार्गदर्शक ठरतात. पैठण तालुक्यातील पाचोड येथे एका आरोग्य संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस किशोरवयीन मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्य वर्ग चालविला. त्यानंतर त्या भागातील मुलींचे लग्नाचे मध्यम वय १६ वरून १७ वर्षांवर गेल्याचे नोंदले गेले. एक वर्ष हा आकडा छोटा वाटेल. पण सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढणारी मुलगी सतराव्या वर्षापर्यंत शाळेत राहिली, तर तिच्या आयुष्याचा हिशेबच बदलतो. दुसरे काम २००७ मध्ये सुरू झालेल्या लोकाधारित देखरेखीचे. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाने अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे व ठाणे या जिल्ह्यांतील गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्रांची प्रगतिपत्रके स्वतः भरली आणि जनसुनवाईत ती अधिकाऱ्यांपुढे मांडली. शाळा मुलांना गुण देते, हे सर्वांना ठाऊक होते. येथे सामान्य माणसाने शासकीय सेवेला गुण दिले, आणि ते नोंदीच्या आधारे दिले.

पूर्व विदर्भाचे खास दुखणे

दिघोरीच्या परिसरात या विषयाला आणखी एक धार आहे, आणि ती म्हणजे सिकलसेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, सांधे, छाती व पोटात असह्य वेदना उठतात. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी, ताप आणि अतिश्रम ही या वेदनांना निमंत्रण देणारी कारणे आहेत.

आता वर्गाकडे पाहावे. तासाला पाण्याची बाटली जवळ ठेवण्यास मनाई, लघुशंकेला जाण्यास परवानगी नाही, कवायतीला दांडी मारली तर शिक्षा, पावसात भिजत मैदानावर उभे राहणे, या गोष्टी निरोगी मुलाला केवळ गैरसोयीच्या असतात. सिकलसेलग्रस्त मुलाला त्याच गोष्टी रुग्णालयात पोहोचवू शकतात. रोवणीच्या दिवसांत बांधीत कमरेइतके वाकून काम केलेले मूल दुसऱ्या दिवशी अंग दुखते म्हणून शाळेत आले नाही, तर हजेरीपटावर त्याची नोंद ‘गैरहजर’ एवढीच होते. दुखण्याची नोंद कोठेच होत नाही.

निळ्या गोळीचा प्रश्नही येथे वेगळा वळसा घेतो. साध्या लोहकमतरतेवर ती उपयोगी आहे. सिकलसेलच्या रुग्णाला मात्र लोह डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे लागते. म्हणजे ‘सर्वांना गोळी द्या’ एवढी मागणी पुरेशी नाही. ‘आधी तपासणी करा, कोणाला काय हवे ते ठरवा, आणि मग नेमाने द्या’ अशी ती मागणी व्हावयास हवी. अभ्यासाशिवाय केलेली मागणी कशी अपुरी पडते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्येही सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मागण्याचा मार्ग त्यामुळे खुला होतो. पुढील पिढीचा विचार केला तर गणित आणखी स्पष्ट आहे. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे रक्त पूर्ण निर्दोष असेल, तर अपत्यास सिकलसेलचा आजार होत नाही. किशोरवयात हे समजले, तर पुढे विवाह ठरविताना पत्रिकेसोबत रक्ताचा अहवालही पाहिला जाईल.

प्रशिक्षण कसे असावे

समजा, दिघोरीसारख्या गावातील शाळेत आठवी ते दहावीच्या बारा-पंधरा मुलामुलींचा गट तयार केला. त्यांचे प्रशिक्षण पाच टप्प्यांत मांडता येईल.

पहिला टप्पा नोंदीचा. एक शंभर पानी वही पुरे. निळी गोळी कोणत्या तारखेला आली, किती मुलांनी घेतली. तपासणी पथक कधी आले. किती नळ चालू आहेत. स्वच्छतागृहात पाणी आहे का. प्रथमोपचार पेटीतील औषधांची मुदत संपली आहे का. हे दर आठवड्यास लिहावे. वहीत मत लिहावयाचे नाही, केवळ आकडा व तारीख. ‘पाणी नेहमी नसते’ या वाक्याला कार्यालयात किंमत नाही. ‘जुलै महिन्यातील २४ शालेय दिवसांपैकी ११ दिवस पाणी नव्हते’ या वाक्याला उत्तर द्यावेच लागते.

दुसरा टप्पा पडताळणीचा. एकाने लिहिलेले दुसऱ्याने तपासावे. मुख्याध्यापकांना वही दाखवावी आणि चूक असल्यास दुरुस्त करावी. मुले खोटे लिहीत नाहीत, हे शिक्षकांना पटले की निम्मा विरोध आपोआप मावळतो.

तिसरा टप्पा योग्य दार ओळखण्याचा. नळाची तोटी ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येते, गोळ्या आरोग्य विभागाकडून येतात, बाटली जवळ ठेवण्याची परवानगी खुद्द वर्गशिक्षक देऊ शकतात. तोटीसाठी जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देणे म्हणजे शंभर रुपयांच्या उधारीसाठी उच्च न्यायालयात जाणे होय. जे काम सर्वांत जवळच्या दारी होते, ते आधी तेथे मागावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. मुलांचे म्हणणे मांडण्याचे ते पहिले व्यासपीठ. त्यानंतर ग्रामसभा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी, असा नियम महाराष्ट्रात आहे. मुलींच्या स्वच्छतागृहासाठी पैसा कोठून येणार, या प्रश्नाचे एक उत्तर त्यातच दडलेले आहे.

चौथा टप्पा लेखी अर्ज व पोच यांचा. अर्ज एका पानाचा असावा. एका अर्जात एकच मागणी असावी. सोबत वहीतील आकडे जोडावेत, आणि देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. पोच नसलेला अर्ज आणि पावती नसलेला भरणा, दोन्ही सारखेच. वर्गात या कामाची रंगीत तालीम घ्यावी : एकाने सरपंच व्हावे, एकाने वैद्यकीय अधिकारी, एकाने कंटाळलेला कारकून. आवाज न चढविता, मान खाली न घालता, तीन वाक्यांत आपले म्हणणे मांडण्याचा सराव अशा तालमीतूनच होतो.

पाचवा टप्पा पाठपुराव्याचा, आणि तोच सर्वांत अवघड. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्यावे, महिन्याने पुन्हा भेटावे. काम झाल्यास आभाराचे पत्र द्यावे. ज्या अधिकाऱ्याला तक्रारीच तेवढ्या मिळतात, त्याला मुलांच्या हातचे आभारपत्र मिळाले तर पुढील कामाची वाट सोपी होते.

जपण्याच्या गोष्टी

या कामात काही मर्यादा कटाक्षाने पाळावयास हव्यात. वहीत कोणत्याही मुलाचे नाव आजारासह लिहिले जाऊ नये. अमुक मुलगी सिकलसेलची वाहक आहे, ही बातमी वर्गातून गावात आणि गावातून सोयरिकीच्या बोलण्यात जायला वेळ लागत नाही. वस्तुतः वाहक व्यक्ती साधारणपणे निरोगी आयुष्य जगते. पण अर्धवट माहितीमुळे तिच्यावर आयुष्यभराचा शिक्का बसतो. म्हणून आजारी किती, हे मुलांनी मोजावयाचे नाही. सेवा किती मिळाली, एवढेच मोजावयाचे. आजाराची नोंद हे डॉक्टरांचे व पालकांचे काम आहे.

दुसरी मर्यादा मुलांच्या सुरक्षिततेची. अर्जावर जबाबदार पालकाची वा शिक्षकाची सही असावी आणि कार्यालयात जाताना सोबत मोठे माणूस असावे. मोठ्यांच्या जुन्या भांडणात किंवा निवडणुकीच्या राजकारणात मुलांच्या वहीचा वापर होता कामा नये. तसे एकदा झाले, तर त्या वहीवरचा सर्वांचा विश्वास उडतो आणि तो पुन्हा मिळविणे कठीण जाते. तिसरी गोष्ट, शिक्षक हे प्रतिवादी नव्हेत. बहुतेक वेळा गोळ्या का आल्या नाहीत, हे त्यांनाही कोणी सांगितलेले नसते. मुलांच्या अर्जाने त्यांचेही हात बळकट होतात.

व्यापारी कुटुंबांचे स्थान

गावातील व्यापारी घराला या प्रयत्नात महत्त्वाचे स्थान आहे. औषधदानाची परंपरा समाजात जुनी आहे, आणि शाळेला पंखा, कपाट, पाण्याची टाकी देणारे दाते गावोगाव आढळतात. परंतु दिलेल्या टाकीत पाणी कोण भरणार आणि ती कोण धुणार, हे ठरले नाही तर वर्षभरात ती अडगळ होते. देणगीपूर्वी मुलांची वही मागवून वाचली, तर देणगी योग्य जागी पडेल. ज्याची जबाबदारी शासनाची आहे ते शासनाकडून मिळवून देण्यास साह्य करावे, आणि जे कोणाच्याच जबाबदारीत नाही तेथे पदराला खार लावावा, हा विवेक देणाऱ्याने ठेवावा. कित्येकदा पैशापेक्षा एका तासाची गरज अधिक असते. रोजकीर्द कशी लिहितात, बेरीज कशी ताळा करून पाहतात, पत्राची पोच कशी सांभाळतात, हे शनिवारी शाळेत जाऊन शिकविणारा अनुभवी दुकानदार हे मोलाचे दान ठरेल.

आणखी एक बाजू आहे. अनेक व्यापारी घरांतील मुले आज विनाअनुदानित इंग्रजी शाळांत जातात. फिरते तपासणी पथक आणि आठवड्याची गोळी या योजना मुख्यतः शासकीय व अनुदानित शाळांसाठी आहेत. भरमसाट शुल्क भरूनही त्या मुलांच्या शाळेत वार्षिक तपासणी होते का, डोळे व दात पाहिले जातात का, परीक्षेच्या ताणाने झोप उडालेल्या मुलाशी बोलावयास कोणी आहे का, हे प्रश्न पालकांनीही विचारलेले नसतात. रक्तक्षय घरची श्रीमंती पाहून थांबत नाही. म्हणून हे प्रशिक्षण ‘त्यांच्या’ मुलांसाठी नसून सर्वांच्या मुलांसाठी आहे.

पंधराव्या वर्षी ज्याने एका नळाच्या तोटीसाठी चार वेळा अर्ज केला आणि पाचव्या वेळी पाणी वाहताना पाहिले, तो पुढे बँकेत, दुकानात, ग्रामसभेत वा दवाखान्यात कोठेही गेला, तरी आपले येणे नम्रपणे पण ठामपणे मागेल. आणि उद्या तोच खुर्चीवर बसला, तर समोर आलेल्या अर्जाची पोच देण्यास तो विसरणार नाही. दिघोरीतील एखाद्या शाळेत येत्या सोमवारी अशी एक वही उघडली गेली, पहिल्या पानावर तारीख पडली आणि तिच्यापुढे ‘गोळी मिळाली’ किंवा ‘मिळाली नाही’ एवढे दोन-तीन शब्द लिहिले गेले, तरी आरंभास तेवढे पुरेसे आहे.